भिवराईची पकड

फार वर्षांपूर्वी, सावरघळला गाडीवाट नव्हती आणि घाट उतरायला निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोचेल की नाही याची कुणी हमी देत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नीट बसा. उठायचं असेल तर आत्ताच उठा. ही गोष्ट अर्धी ऐकलेली माणसं गावात फार झालीत, आणि तीच पुरी म्हणून सांगत फिरतात.

सावरघळच्या तिन्ही बाजूंना डोंगर आणि रान. शेतं थोडी, दगड जास्त. त्यामुळे गावाचा सगळा जीव कुऱ्हाडीत. चुलीला लाकूड कुऱ्हाडीनं, घराला वासा कुऱ्हाडीनं, कुंपणाला काटी कुऱ्हाडीनं, आणि माणूस मेलं तर सरणही कुऱ्हाडीनंच. गड्याच्या डोक्याला पागोटं नसलं तर चालायचं, पण खांद्याला कुऱ्हाड नसली तर लोक विचारायचे, बरं नाही का म्हणून.

आता कुऱ्हाडीचं पातं लोहार करतो, दांडा सुतार करतो. पण घाटातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने सगळं ओलं. धामणीच्या लाकडाचा दांडा कितीही चांगला असला तरी ओल्या हातात तो मासळीसारखा निसटतो. निसटलेली कुऱ्हाड कुठं जाईल ते सांगता येत नाही. म्हणून दांड्याला कातड्याची वादी गुंडाळायची. आणि वादी गुंडाळावी ती भिवरानं, असं म्हणतात.

भिवरा ओढ्याच्या पलीकडे राहायची. एक खोपट, एक शेळी, आणि कातडं भिजवायचा रांजण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. कातड्याचं काम करणाऱ्यांचं ते घर. जातीचं नाव मी घेत नाही. तुम्हाला कळलं असेल, आणि नसेल कळलं तर फारच छान.

तिचं काम कसं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. म्हशीचं कातडं बाभळीच्या सालीत कमावायचं. त्याची करंगळीपेक्षा बारीक, लांबच लांब वादी काढायची, आणि ती रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची. दांड्यावर आधी अंबाडीच्या सुतळीचा एक थर द्यायचा. मग ओली वादी खालून वर गुंडाळत न्यायची. टोक दातात, दांडा पायात, आणि प्रत्येक वेढा शेजारच्याला खेटून. एकावर एक चढता कामा नये, मधे फटही राहता कामा नये. शेवटी गाठ मारायची नाही. गाठ मारली की तळहाताला फोड येतो. टोक शेवटच्या पाच वेढ्यांखालून ओवायचं आणि ओढून घ्यायचं, की कुठं संपली ते शोधूनही सापडत नाही. मग तीन दिवस सावलीत. वादी वाळते तशी आवळते. दांड्याला चावते, असं भिवरा म्हणायची.

आणि ज्याला साजरी हवी असेल त्याला ती वरून काळ्या वादीची नक्षी घालून द्यायची. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे टाकून ठेवले की काळा रंग उतरतो, त्यात ती वादी बुडवायची. एकमेकींना छेद देत गेलेल्या त्या काळ्या वाद्या, खाली लाल गोंडा. बघत राहावं अशी. पण भिवरा बजावून सांगायची, "नक्षी डोळ्यासाठी हाय, पकड हातासाठी हाय. दोन्ही देते. पण दोन्हींतलं एक मागितलंत तर मी पकड देईन."

माप घ्यायचा तिचा एक प्रकार होता. वादी चांगली बसायची तर हाताचं माप लागतं. पण गावातल्या माणसाच्या हाताला ती हात कसा लावणार? बाटेल ना तो. मग तिनं दाराबाहेर एक लाकडी पाट ठेवला होता, त्यावर ओढ्यातल्या चिकणमातीचा थर. आलेल्यानं ओल्या मातीत हात दाबायचा आणि दूर उभं राहायचं. भिवरा त्या ठशाशेजारी बसायची, बोटांच्या खाचांवरून बोट फिरवायची. तिला त्यातून सगळं दिसायचं, असं म्हणतात. "तुझ्या अंगठ्यात बोरीचा काटा हाय, आधी तो काढ," ती म्हणायची, आणि काटा निघायचा. एकाला म्हणाली, "तुझ्या घरी पाळणा हलणार," आणि त्याच्या बायकोलाही ते ठाऊक नव्हतं. खरं-खोटं देव जाणे. पण गावातल्या एकूण एक गड्याचा हात त्या पाटावरच्या मातीत उमटून गेलेला होता, आणि भिवरानं गुंडाळलेली कुऱ्हाड कधी कुणाच्या हातातून सुटली नाही, हे खरं.

आता गंमत बघा. वादी तिच्या हातची, तिच्या दातांत धरलेली. ती हे लोक दिवसभर मुठीत धरून ठेवायचे. घरी जाऊन त्याच हातानं जेवायचे. त्यात काही बाटत नव्हतं. पण भिवरा पाण्याला आली की ओढ्याच्या खालच्या अंगाला. असो.

सावरघळला होळी मोठी. होळीसाठी रानातली एक उंच सावर तोडतात, आणि तिच्यावर पहिला घाव घालायचा मान पाटलांचा. त्यासाठी पाटलांच्या घरात मानाची कुऱ्हाड होती. दरवर्षी होळीआधी ती भिवराकडे यायची, नवी वादी व्हायची, आणि देवळासमोर गुरव तिच्यावर तुळशीच्या पानानं चार थेंब शिंपडायचा. झालं. एवढ्यात ती शुद्ध व्हायची. थोरले पाटील होते तोवर असंच चाललं.

थोरले गेले आणि सुभानराव पाटील झाले. माणूस वाईट नव्हता, असं म्हणतात. मीही तसंच म्हणतो, कारण वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याला एक धाकटा भाऊ होता, गणोजी. आईविना वाढलेल्या पाडसासारखा तो भावाच्या मागंमागं असायचा, म्हणजे आई होती, पण त्याला भाऊच लागायचा. सुभानरावांचाही त्याच्यावर जीव.

त्या साली सुभानरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सोयरे तालेवार घरचे, सोवळ्याओवळ्याचे कडक. ते होळीला येणार म्हणून निरोप आला. सुभानराव स्वतः कुऱ्हाड घेऊन ओढ्यापर्यंत गेले, कुऱ्हाड दगडावर ठेवली, पाटावर हात दाबला आणि म्हणाले, "भिवरे, यंदा साजरी झाली पाहिजे. पाव्हणे बघणार हायत."

भिवरानं साजरी केली. तशी तिनं आधी कधी केली नव्हती आणि नंतरही नाही. काळी नक्षी टोकापासून पात्यापर्यंत, खाली रेशमाचा गोंडा, तीन दिवस सावलीत वाळवून खणखणीत केलेली. होळीच्या दिवशी सकाळी तिनं ती दगडावर ठेवली आणि पाटलांचा गडी घेऊन गेला.

देवळासमोर सगळं गाव जमलेलं. पाहुणे घोंगड्यांवर बसलेले. त्यांतल्या एकानं कुऱ्हाड पाहिली, दांड्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे कातडं कुणी गुंडाळलं?"

एवढंच विचारलं. त्यानं काही नाव ठेवलं नव्हतं. पण सुभानरावांचं तोंड उतरलं. ते घाईनं म्हणाले, "आता शुद्ध करून घेतो ना." आणि त्यांनी गुरवाला खूण केली. गुरवानं तुळशीचं पान काढलं, तर पाटील म्हणाले, तेवढ्यानं नाही. दूध आणा. तूप आणा.

मग त्या कुऱ्हाडीचा दांडा दुधानं धुतला. एकदा नाही, तीनदा. वाळून आवळलेली वादी दुधात भिजली. आणि वरून वाटीभर तूप घेऊन पाटलांनी आपल्या हातानं ते दांड्याला चोळलं, पार वेढ्यांच्या खाली मुरेल असं. पाहुणे माना डोलवायला लागले. पाटलांना बरं वाटलं.

भिवरा दूर वडाखाली उभी होती, आमची माणसं उभी राहतात तिथं. तिनं ते पाहिलं आणि ती ओरडली. जन्मात ती गावात मोठ्यानं बोलली नव्हती. "पाटील, तूप लावू नगा! वादी सैल पडंल, हात ऱ्हाणार न्हाई!"

सगळ्यांनी ऐकलं. लक्षात ठेवा, सगळ्यांनी. गुरव म्हणाला, "हिला आवाज फुटलाय आज." काही जण हसले. पाटलांनी मान वर केली नाही.

मग सावरीपाशी गेले. ढोल वाजायला लागले. गणोजी भावाच्या मागं उभा राहिला, हातात नारळ घेऊन, पहिला घाव बसला की फोडायचा म्हणून. सुभानरावांनी कुऱ्हाड डोक्यावर नेली, पार मागं खेचली, आणि पुढं आणली तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.

गणोजीच्या मानेत बसली ती. नारळ त्याच्या हातातून सुटला नाही, पोटाशी तसाच राहिला. झाडाला त्या दिवशी खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले. कुऱ्हाड मधे ठेवलेली. भिवराला समोर उन्हात उभं केलं. सुभानराव भिंतीला टेकून बसले होते, जिवंत आहेत की नाहीत कळू नये असे. गुरव बोलला. म्हणाला, हिनं वादीत काहीतरी केलं. हिच्या मनात पाप होतं. नाहीतर आजवर सुटली नाही ती कुऱ्हाड कालच कशी सुटली?

भिवरा म्हणाली, "वादी एका पदरानं जरी सुटली असंल तर मला हितंच तोडा. ती बघा, जाग्यावर हाय. कुनीतरी दांड्याला बोट लावा, नि बोटाचा वास घ्या."

कुणी बोट लावलं नाही. लावायची गरजही नव्हती. दांड्याला मुंग्या लागल्या होत्या. चावडीच्या उंबऱ्यापासून दांड्यापर्यंत तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती, तुपाला. पाच पंच त्या रांगेकडे बघत बसले होते. एकानं तर पाय उचलून बाजूला घेतला, मुंग्या चढतील म्हणून. आणि त्याच पाच जणांनी सांगितलं की भिवरानं दिवस मावळायच्या आत गाव सोडावं.

मला या गोष्टीत गणोजी मेल्याचं जेवढं वाईट वाटतं ना, तेवढंच त्या पाय उचलण्याचं वाटतं. राग येतो. अजून येतो.

भिवरा रडली नाही. ती म्हणाली, "मला ऱ्हाऊ द्या असं मी म्हणत न्हाई. जाते मी. एवढंच एकदा म्हणा, तूप आमचं होतं. म्हणा, नि मी चालले."

तीन शब्द. तेवढंच तिनं मागितलं. ती सुभानरावांकडे बघत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले. कसं म्हणणार? तूप आपलं म्हटलं की भाऊ आपण मारला असं होणार. भिवराची वादी वाईट म्हटलं की रात्री झोप येणार. मला ते समजतं. पण समजतं म्हणून मी माफ करीन, असं समजू नका.

भिवरा आपल्या खोपटापाशी गेली. शेळी सोडली, आरी आणि रापी, कातड्याची हत्यारं, कमरेला खोवली. मग त्या पाटापाशी बसली. गावातल्या सगळ्या हातांची मापं त्या मातीनं घेतलेली. ती म्हणाली, "माझ्या हातानं तुमी बाटता. बरं. माझा हात मी घेऊन जाते." आणि तिनं तळहातानं ती माती सारवून सपाट केली. पाट डोक्यावर घेतला आणि डोंगर चढून गेली.

असं म्हणतात, की त्याच घडीला गावातल्या सगळ्या कुऱ्हाडींच्या वाद्या गळून पडल्या. कुणी तोडल्या नाहीत, कुणी सोडल्या नाहीत. खुंटीला टांगलेल्या कुऱ्हाडींखाली वाद्यांची वेटोळी पडलेली, सापाची कात पडते तशी. लोक म्हणाले, ठीक आहे, नुसत्या दांड्यानं काम करू. तर दांडा हातात राहीना. तूप लावल्यासारखा गुळगुळीत. राखेनं घासला, विटेनं घासला, नवा दांडा घातला. हातात घेतला की बुळबुळीत. एकाच्या पायात कुऱ्हाड बसली, एकाचा बैल जायबंदी झाला. दुसऱ्या गावाहून वादी गुंडाळून आणली तर ती शिवेवर येईपर्यंत ठीक, शीव ओलांडली की सुटलीच. शेवटी लोकांनी कुऱ्हाडींना हात लावायचं सोडलं.

मग पावसाळा आला. बायका रानात वाळक्या काटक्या वेचत फिरायच्या. काटक्या संपल्या, मग गोवऱ्या संपल्या. धुरानं डोळे गेले, भाकरी कच्च्या राहिल्या. ज्यांनी बोट लावलं नव्हतं त्यांच्या घरी काय झालं ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या बायका रोज ओल्या काटक्या फुंकत होत्या. शिक्षा नेहमी अशीच जाते, भलत्याच दारात.

श्रावणात सुभानरावांची आई वारली. धाकटा लेक गेल्यापासून तिनं अंथरूण धरलं होतं. म्हातारीला जाळायला गावात लाकूड नाही. पाऊस थांबत नाही. दीड दिवस म्हातारी ओसरीवर. शेवटी सुभानरावांनी आपल्या घराचं मोठं दार काढलं. कुऱ्हाड चालत नाही म्हणून आख्खंच नेलं. चौघांनी आपापली दारं दिली. त्या दारांवर म्हातारी जळली. घरी परत आले तर घराला दार नाही, पाऊस पार माजघरात.

तेव्हा सुभानराव उठले आणि भिवराला शोधायला निघाले. एकटे, मानाची कुऱ्हाड बरोबर घेऊन. अकराव्या दिवशी ती सापडली, वर डोंगरात, एका घळीत. समोर तोच पाट, त्यावर तीच सपाट माती.

पाटील खाली बसले. म्हणाले, "भिवराबाई, आई गेली."

आधी तिला भिवरे म्हणायचे. भिवरानं ते ऐकलं असणार. ती म्हणाली, "वाईट झालं. म्हातारी माझ्याकडं कधी वाकडं बघायची न्हाई."

"गाव मरायला लागलंय. काय हवं ते माग."

"माझं मागणं जुनंच हाय."

पाटलांनी घळीबाहेर वाकून पाहिलं. मग म्हणाले, "तूप आमचं होतं." घळीत, पावसात, ऐकायला कुणी नाही असं बघून.

भिवरा म्हणाली, "हितं नगं. हितं मला ठावं हाय नि डोंगराला ठावं हाय. होळीला म्हणा, घाव घालायच्या आधी, सगळ्यांम्होरं. मी गावात येणार न्हाई. शिवेवर येऊन बसंन, ऐकू येईल एवढ्यावर."

पाटलांनी शब्द दिला. आईची शपथ घेतली. आणि भिवरानं विश्वास ठेवला. त्या बाईनं आयुष्यात एक चूक केली म्हणाल तर ही. ती म्हणाली, "बायाबापड्यांनी माझं काय केलं? दांडे आजपासून कोरडे." तिनं माती पाण्यानं भिजवली. पाटलांनी पाटावर हात दाबला. तिनं ठशावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हात चांगला हाय तुमचा. मनगटापातूर चांगला हाय."

तिथंच बसून तिनं मानाच्या कुऱ्हाडीला वादी गुंडाळली. नक्षी नाही, गोंडा नाही. नुसती वादी. देताना म्हणाली, "ही सुटायची न्हाई. बोलल्याबिगर घाव घालू नगा."

पाटील खाली उतरले तर गावात सगळीकडं कुऱ्हाडींचे आवाज चालू झाले होते. ऐकून त्यांना रडू आलं, असं म्हणतात.

होळी आली. पाहुणे आले, तेच सोयरे. मुलगी आता त्यांच्या घरात नांदत होती. कुऱ्हाड कुणी धुतली नाही. शिवेवर एका धोंड्याला टेकून भिवरा येऊन बसलेली, हे पोरासोरांनी पाहिलं होतं. सुभानराव सावरीसमोर उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. पाहुण्यांकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. गावाकडे पाहिलं, की कुणीतरी म्हणेल, बोला पाटील. कुणी म्हणालं नाही. दांडे कोरडे झाले होते ना सगळ्यांचे. चुली पेटत होत्या. आता कशाला जुनं उकरून काढायचं, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

पाटलांनी तोंड मिटलं आणि ढोलवाल्यांना खूण केली.

घाव असा बसला की सावर एका घावात आडवी झाली. लोक नाचायला लागले. गुरव कुऱ्हाड घ्यायला पुढं आला, आणि पाटलांना ती देता येईना. बोटं उघडेनात.

सुरुवातीला लोकांना वाटलं, पेटका आला. हात शेकला. एकेक बोट धरून ओढलं. मग तेल लावलं, आणि शेवटी, काय सांगू, तूप लावलं. वाटीभर तूप बोटांवर ओतलं. ज्या तुपानं एकदा सुटली, त्या तुपानं आता सुटेना.

भिवरा अंधार पडेपर्यंत शिवेवर बसली होती. मग उठून कुठं गेली ते कुणी पाहिलं नाही. घळीत नुसता पाट सापडला. त्यावरची माती वाळून तडकलेली, आणि त्यात पाटलांचा हात.

बारा वर्षं, असं म्हणतात. बारा वर्षं सुभानराव पाटील उजव्या हातात कुऱ्हाड घेऊन जगले. डाव्या हातानं जेवले. झोपताना कुऱ्हाड उशाला, हात तिच्याबरोबर. मुलीचं मूल पहिल्यांदा घरी आलं तर ते मांडीवर घेता येईना, पातं लागेल म्हणून. आणि बोटं कशानं उघडतील हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणी त्यांना म्हटलं नाही. पाटलांना कसं म्हणायचं?

एकट्या पाटलीणबाईंनी म्हटलं. तुळसा त्यांचं नाव. एका दुपारी दार लावून घेऊन त्या म्हणाल्या, "माझ्याशी तर बोला. हितून सुरुवात करा. मग चावडीवर जाऊ, मी येते संगं."

सुभानराव म्हणाले, "आता बोललो तर ही सगळी वर्षं कशासाठी काढली?"

तुळसाबाईंनी लावलेलं दार उघडलं आणि त्या चुलीकडे गेल्या. माणूस एक वाक्य गिळतो, आणि मग ते गिळलेलं वाया जाऊ नये म्हणून जन्मभर उपाशी राहतो.

पाटील वारले तेव्हा त्यांचे ओठ हलले. काही म्हणतात त्यांनी ते वाक्य म्हटलं, काही म्हणतात पाणी मागितलं. तुळसाबाई उशाशी होत्या, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण मूठ उघडली नाही, त्यावरून तुम्हीच समजा. कुऱ्हाडीसकट जाळलं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले तर हाडं राख झालेली आणि वादी जशीच्या तशी, नुकती गुंडाळल्यासारखी. उचलायला कुणी पुढं होईना. मग आमच्यातल्या एकाला बोलावलं. तो माझ्या पणज्याचा बाप. त्यानं उचलली, आणि ती त्याच्या हातात अगदी सहज बसली, सहज सुटली.

ती कुऱ्हाड देवळात आहे, लाल फडक्यात. आणि भिवरा जिथं टेकून बसली तो धोंडा आता भिवराई झालाय. त्याला शेंदूर आहे, वर पत्रा आहे, होळीला जत्रा भरते. दरवर्षी नव्या कुऱ्हाडीला वादी गुंडाळायची ती आमच्या घरानं. आता ती मी गुंडाळतो. पहिल्या घावाचा मानकरी येतो, भिवराईसमोर पाटावरच्या ओल्या मातीत हात दाबतो. मी वादी गुंडाळून ओढ्याकाठच्या दगडावर कुऱ्हाड ठेवतो आणि बाजूला होतो, मग तो ती उचलतो. धूत नाहीत आता. भितात. पण माझ्या हातातून हातात घेतलेली मला आठवत नाही.

मग सावरीसमोर मानकऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, तूप आमचं होतं. म्हणायचं आणि घाव घालायचा. घाव झाला की तळहात उघडून गावाला दाखवायचा. सगळं गाव त्याच्या बोटांकडे बघत असतं. बोटं उघडतात, गाव सुस्कारा सोडतं, आणि नाच सुरू होतो. जत्रेला आलेल्या बाया जाताना भिवराईच्या धोंड्याला तूप चोळतात. होय, तूप. नवस म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंड्याला मुंग्या लागलेल्या असतात, त्या मी झाडतो.

आणि होळीला मी सावरीपाशी जात नाही. कुऱ्हाड दगडावर ठेवली की शिवेवर जातो आणि त्या धोंड्याशेजारी बसतो, ती बसली होती तिथं. तिथून सगळं ऐकू येतं. माणसांची कुजबुज ऐकू येते, पोरांचं रडणं येतं, गुरवाची घंटा येते. मग मानकरी तोंड उघडायच्या वेळेला नेमके ढोल सुरू होतात, सगळे एकदम, अंगात आल्यासारखे. घाव पडला की थांबतात.

सत्तावन्न होळ्या मी तिथं बसलोय. ते वाक्य अजून माझ्या कानावर आलेलं नाही.